नाशिकहून डहाणू-बोर्डीचं काम: तारीख, एनडी फिल्टर आणि खारं पाणी

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये वायनरी आणि हॉटेलांच्या फोटोंची कामं चालू आहेत. आता बोर्डीजवळच्या एका होमस्टेचं दोन दिवसांचं काम आलंय: खोल्या, चिकूची वाडी, किनारा आणि सूर्यास्त. सामान म्हणजे सोनी ए७ फोर कॅमेरा, १६-३५ आणि २४-१०५ लेन्स आणि कार्बन ट्रायपॉड. पार्टी म्हणते, कुठलाही शनिवार-रविवार चालेल. तारीख कशावरून ठरवू? एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, एकच घ्यायचा तर कुठला? आणि बॉडी वेदर सील्ड आहे, तेवढं पुरेल का?

खाडीकाठ

शनिवार-रविवार नंतर, आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला १५ धरून सव्वाअकरा. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा हिशोब मुंबईच्या आसपासचा. उत्तरेकडे जाल तशी वेळ थोडी पुढे सरकते, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. पाऊणपटीचा उपयोग पार्टीशी फोनवर बोलताना.

आता हे सूर्यास्ताशी जुळवा. अष्टमी-नवमीला संध्याकाळी पाणी पार वर, ओली वाळू मिळतच नाही. चतुर्दशीला पाचच्या सुमारास ओहोटी संपते, म्हणजे तुम्ही फ्रेम लावत असताना पाणी मागून चढत असतं. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की पूर्ण ओहोटीला समुद्र लांब जातो आणि पुढ्यात नुसता गाळ उरतो. त्यामुळे तिथे द्वितीया-तृतीया बरी. दुपारी दीड-दोनची भरती, सूर्यास्ताला पाणी निम्म्याहून जास्त उतरलेलं आणि अजून उतरतंय. वाळू ओली, पाऊलखुणा नाहीत, आणि समुद्र तुमच्यापासून लांब जातोय, अंगावर येत नाही.

किनारा पश्चिमेकडचा, त्यामुळे सकाळचा सूर्य जमिनीकडून येतो. ती वेळ वाडीला आणि घराच्या पूर्वेकडच्या बाजूला द्या.

सिन्नरफाटा

एकच एनडी घ्यायचा तर ३ स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, शटरचा वेळ दुप्पट. सगळे आधी १० स्टॉपचा घेतात आणि तो बॅगेत पडून राहतो. सूर्य टेकायच्या वेळी आयएसओ १००, एफ ११ ला शटर समजा १/१५ सेकंद येतंय. ३ स्टॉपने ते अर्धा सेकंद होतं आणि परतणाऱ्या लाटेच्या रेघा नेमक्या इथेच मिळतात. ६ स्टॉपने ४ सेकंद, रेघा जाऊन धुकं. १० स्टॉपने ६८ सेकंद, तेवढ्यात उजेडच बदलतो. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनने कडा मऊ पडतात.

४ सेकंदाचा फोटो हलला की लोक फोकसवर खापर फोडतात. बहुतेक वेळा दोष वाळूचा असतो. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड अर्धा-एक मिलिमीटर खचतो. म्हणून पाय आधी दाबून रोवा, दोन लाटा जाऊ द्या, मग शटर. आणि पाय उघडताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण ओढा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. वाळू लॉकमध्ये गेली की पीळ फिरताना करकरतो. ट्रायपॉडवर असताना बॉडीतलं स्टेबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद.

खाडीकाठ

३ स्टॉपचं मान्य, पण सोबत पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, हवाच. ओल्या वाळूवरची चमक त्याने कमी-जास्त करता येते. मात्र १६-३५ च्या रुंद टोकाला आकाशात गडद पट्टा येतो, तिथे काढून ठेवा.

गंगापूररोडकर

द्वितीया धरतो. आणि सीलिंगचं?

ओझरवाला

सील म्हणजे तुषार थोपवणारी रबराची कड, बस्स. बॅटरीच्या झाकणाच्या कडेत वाळूचा एक कण अडकला की तिथून पाणी आत. झाकण बंद करण्याआधी दरवेळी बोट फिरवून बघा.

लेन्सवर तुषार बसले तर सुक्या कपड्याने घासू नका, मीठ कोटिंगवर ओरखडे पाडतं. आधी ब्लोअर, मग ओलसर वाइप, मग सुकं कापड. शूट संपल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा. ट्रायपॉड लॉक उघडे ठेवून गोड्या पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं. हे त्याच रात्री, नाशिकला पोचल्यावर नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मीठ वाळतं, दिसेनासं होतं, आणि जूनमध्ये दमट हवा आली की तेच ओल खेचून संपर्कबिंदू खातं.

मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा. ए७ फोरमध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटायची सोय आहे, पण मेनूत जाऊन चालू करावी लागते. मिटलेल्या पडद्याला बोट किंवा जोराची हवा लावू नका, तो सेन्सरपेक्षा नाजूक. सर्वात बरं म्हणजे किनाऱ्यावर लेन्स बदलूच नका.

एसी खोलीतून थेट अंगणात आलात तर काच धुकटेल. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा. खोल्यांमध्ये सायलेंट शटर टाळा, एलईडी दिव्यांचे पट्टे येतात.

सिन्नरफाटा

ड्रोनचा विषय निघेलच. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र त्याच पालघर जिल्ह्यात आहे. नकाशावर हवाई क्षेत्र तपासल्याशिवाय पार्टीला होकार देऊ नका. आणि मच्छीमारांच्या होड्या हव्या असतील तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा बोटी ताडपत्रीखाली दिसतील.

म्हसरूळ

बिलाचं कुणी बोललं नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. म्हणजे तुम्ही नुसतं "फोटोग्राफी, दोन दिवस" असं बिल फाडलंत तर ते फोटो दुसऱ्या कुणाला विकायचा तुमचा हक्कच राहत नाही. कामाआधी मेलवर लिहून घ्या: मालकी फोटोग्राफरची, होमस्टेला वेबसाइट आणि सोशल मीडियासाठी अमुक वर्षं वापर, होर्डिंगचे वेगळे पैसे. पार्टीचं "ठीक आहे" असं उत्तर मेलवरच यायला हवं. जाहिरातीत कुणा कोळणीचा चेहरा ओळखू येत असेल तर तिची लेखी संमती घ्या.

अजून एक ओळ घाला: पाऊस किंवा ढगांमुळे सूर्यास्त मिळाला नाही तर दुसऱ्या फेरीचा प्रवासखर्च कोणाचा. त्र्यंबक-मोखाडा-जव्हारचा घाट पुन्हा उतरायचा तर डिझेल कुणीतरी भरणारच.