मदत हवी आहे: ऑनलाइन व्हेट टेक पदवी, मोठ्या जनावरांच्या प्रात्यक्षिकांचं काय?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या व्हेटरनरी टेक्नॉलॉजीच्या (म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना मदत करणाऱ्या टेक्निशियनच्या, थोडक्यात व्हेट टेकच्या) ऑनलाइन कोर्सपैकी एक निवडायचा आहे. एव्हीएमएची (अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची) मान्यता असलेलेच बघतेय, कारण त्याशिवाय बहुतेक राज्यांत व्हीटीएनई या व्हेट टेकच्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही. कॉलेजांना तिचा तीन वर्षांचा निकाल वेबसाइटवर द्यावाच लागतो. त्यात टक्क्यांबरोबर किती जण बसले तेही बघा. 8 पैकी 7 पास यावरून फारसं काही कळत नाही.

अडतंय ते प्रात्यक्षिकांवर. थिअरी घरी होते, पण मानेच्या शिरेतून रक्त काढणं, भुलीखालच्या प्राण्यावर लक्ष ठेवणं, दातांची सफाई, एक्स-रे हे प्रत्यक्ष प्राण्यावर, डॉक्टर किंवा परवानाधारक टेक्निशियनसमोर करावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा व्हिडिओ पाठवावा लागतो. कुत्र्या-मांजरांचं जमेल. पण घोडा, गाय, उंदीर? लहान प्राण्यांच्या दवाखान्यात ते येतच नाहीत.

यासाठी काही दिवस कॅम्पसवर बोलावून सगळं करून घेणारं कॉलेज कुणाला माहीत आहे का? की दुसरी जागा आपणच शोधायची? सुई शिरेत जाताना नीट दिसली नाही म्हणून व्हिडिओ नापास झाला, तर पुन्हा किती वेळा पाठवता येतो? आणि दवाखान्याचं संमतीपत्र प्रवेशाआधीच लागतं का?