घराला कॅमेरे: तारेचे की वायफायचे?

बावधनकर: आईबाबा सहकारनगरच्या जुन्या बंगल्यात राहतात, वर भाडेकरू. चार कॅमेरे बसवायचेत: फाटक, पोर्च, मागची बाजू, जिना. माझं मत ठाम आहे, तारेचेच. एनव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, आणि पीओई, म्हणजे एकाच कॅट-सिक्स केबलमधून वीजही आणि चित्रही, १०० मीटरपर्यंत. वायफाय कॅमेरे ही खेळणी आहेत. पटत नसेल तर बोला.

फुकटसल्ला: नाही पटत. जुन्या भिंती पोखरणार की बाहेरून केसिंग-पट्टी मारून बंगल्याची शोभा करणार? आईबाबांना दार उघडायच्या आधी कोण आलंय ते दिसलं पाहिजे, बाकी काही नको. व्हिडिओ डोअरबेल आणि पोर्चात एक वायफाय कॅमेरा लाव. विषय संपला.

बावधनकर: आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की?

फुकटसल्ला: तुझा एनव्हीआर काय हवेवर चालतो?

बावधनकर: एनव्हीआर आणि पीओई स्विच (कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात तो) एका यूपीएसवर टाकले की सगळे कॅमेरे चालू. वायफायवाल्यांचा प्रत्येकाचा अडॅप्टर वेगळा, किती ठिकाणी बॅकअप देणार?

तपकीर गल्लीवाला: धंदा हाच आहे म्हणून सांगतो, भांडण नंतर करा. हार्ड डिस्कचा हिशेब कुणीच करत नाही. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६. म्हणजे १ टीबी अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. पंधरा दिवस गावाला जाऊन आलात की पहिले दिवस गायब! २ टीबी घ्या, तीही सीसीटीव्हीसाठीची. दुसरं, एनव्हीआर टीव्हीखाली मांडून ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. पावसाळ्यात लेन्ससमोर कोळी जाळं विणतो, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात नुसता पांढरा पडदा दिसतो. झाडू मारत जा, त्याला ॲप नाही.

फुकटसल्ला: चोर डबाच घेऊन गेला तर? क्लाउडवरचं रेकॉर्डिंग कोण उचलणार?

बावधनकर: क्लाउडचं भाडं वर्षानुवर्षं कोण भरणार? आणि आमच्या पोर्चातलं चित्र कुणाच्या सर्व्हरवर पडलंय ते कोण सांगणार?

मधलीआळी: दोघंही जरा थांबा. २०१६ च्या मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणात कंपनीने दिलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे त्यांचे रेकॉर्डरच हल्लेखोरांच्या हाती गेले होते. तारेने काही वाचवलं नाही. पासवर्ड बदला, आणि एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सरकारने सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे, तेव्हा नवीन घेताना प्रमाणपत्र विचारा.
मला खटकतोय तो जिना. भाडेकरूची बायको रोज तिथून जाते-येते, त्यांना विचारलंय? एका घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सहरहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवू नका म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. तुमची गोष्ट वेगळी असेल, पण विचारायला काय जातं?

बावधनकर: हे मान्य. जिना रद्द, फाटकाचा कॅमेराही समोरच्यांच्या खिडकीवरून खाली वळवतो. डोअरबेल घेईन. पण तार सोडणार नाही.

फुकटसल्ला: मग डोअरबेल कशावर चालवणार? वायफायवरच ना!