घरच्या आयकरासाठी सीए लावायचा की आपणच भरायचा?

खानापूरची शिक्षिका
नऊ वर्षं मी फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, एका कर सल्लागाराकडे नेऊन देत होते. दीड हजार द्यायचे, पोचपावती आणायची आणि फाइलला लावायची. आत काय भरलंय ते कधी वाचलं नाही. यंदा वाचलं. माहेरच्या वाटणीतला दोन एकर ऊस माझ्या नावावर आहे, कारखान्याचं बिल थेट माझ्या खात्यावर जमा होतं. आणि माझं विवरणपत्र दरवर्षी ‘सहज’मध्ये, म्हणजे आयटीआर-१ मध्ये, शेतीपुढे शून्य टाकून भरलेलं. शेतीचं उत्पन्न ५ हजारांवर गेलं की ‘सहज’ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण खाली सही माझी आहे, नोटीस आली तर माझ्याच नावानं येणार. म्हणून ठरवलं, यंदापासून स्वतः भरायचं. पगार, ठेवीचं व्याज आणि थोडी शेती एवढंच ज्यांचं आहे त्यांनी सीएला पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

निपाणीकर
ताई, मला हे पटत नाही. तुम्हाला भेटला तो चांगला नव्हता, म्हणून सगळेच तसले असं कसं म्हणता? आम्ही वडिलोपार्जित जमीन विकली, गावाला लागूनच होती. घरात सगळे म्हणत होते, शेतजमीन आहे, कर कुठला आलाय! सीएनं पहिला प्रश्न विचारला, नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत अंतर किती? निपाणीची लोकसंख्या १ लाखाच्या आत, म्हणून इथं २ किलोमीटरचा नियम. बेळगावला ती १ लाखाच्या वर आणि १० लाखांच्या आत, तिथं ६ किलोमीटर. त्या अंतराच्या आतली जमीन आयकराच्या लेखी शेतजमीन राहत नाही, भांडवली नफ्यावर कर लागतो. मग खरेदीकिंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा भाव काढून घेतला, इंडेक्सेशनसह (ती किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के की त्याशिवाय १२.५ टक्के हे दोन्हीकडून मांडून बघितलं. दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. बारा हजार फी दिली आणि एक रुपयाही वाया गेला असं वाटत नाही. हे मोबाईलवर बघून मला जमलं असतं?

शहापूर, बेळगाव
निपाणीकर, जमीन माणूस आयुष्यात एकदा विकतो. ताई बोलतायत दरवर्षीचं. मी सहा वर्षं स्वतः भरतोय. आधी आयकर खात्याच्या साइटवरून एआयएस, म्हणजे आपलं वार्षिक माहितीपत्रक, उतरवून घ्या, त्यात कुठल्या बँकेनं किती व्याज दिलं ते सगळं येतं. ते पासबुकाशी ताडून बघा, मग फॉर्म १६ शी. निम्मे आकडे आधीच भरलेले असतात. भरून झालं की ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखंच धरतात. दोन संध्याकाळींचं काम आहे.
मला खरी चीड आहे ती ‘रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणणाऱ्यांची. आमच्या ओळखीतल्या एकानं न दिलेली देणगी आणि न काढलेला विमा दाखवून रिफंड घेतला. पुढं व्याजासकट भरावा लागला. काढून देणारा तेव्हा फोनसुद्धा उचलत नव्हता. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं देशभर अशा मध्यस्थांवर कारवाई केली. त्यातले बरेच जण सीए नसतातच. म्हणून आधी विचारा, तुम्ही सीए आहात की नुसते फॉर्म भरणारे?

सुभेदारांची मुलगी
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. पहिल्या वर्षी मीच भरलं, आणि पगारासारखीच ७५ हजारांची वजावट टाकली. चुकलं. कुटुंब निवृत्तिवेतन पगारात मोडत नाही, ते ‘इतर उत्पन्न’ धरतात. नव्या करपद्धतीत एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातलं जे कमी तेवढीच वजावट. सुधारित विवरणपत्र भरून निस्तरलं, पण तो महिना मी नीट झोपले नाही. दोन संध्याकाळी म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचाही विचार करावा. आता गल्लीतल्याच सीएकडे देते. आईला समजेल अशा मराठीत सांगतात ते.

कागवाडचा शेतकरी
सीएकडे देणार असाल तर इकडचाच, कर्नाटकातलाच बघा. आयकर केंद्राचा, कोल्हापुरात आणि बेळगावात नियम तोच. पण आमचा जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये. माझ्या कोल्हापूरच्या सीएला पहाणीतली खातेदारांची नावं वाचता येईनात, दोन फेऱ्या वाया गेल्या.

खानापूरची शिक्षिका
निपाणीकर, जमिनीचं तुमचं मान्य, तिथं मीही स्वतः हात घालणार नाही. सुभेदारांच्या लेकीचंही मनाला लागलं. मी फारच ठामपणे लिहिलं होतं.
तुमचं वाचून काल भावाचा हिशेब मांडला. तो बँकेत अधिकारी. २०२५-२६ चं करपात्र उत्पन्न १४ लाख, शेतीचं निव्वळ ३ लाख. शेतीला कर नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. पण ते उत्पन्न दर ठरवताना मिळवतात. नव्या पद्धतीत १४ लाखांवर ९० हजार कर येतो. शेती धरली की १७ लाखांवरचा १ लाख ४० हजार, त्यातून शेतीचे ३ आणि करमुक्त ४ अशा ७ लाखांवरचा १५ हजार वजा, म्हणजे १ लाख २५ हजार. फरक ३५ हजार, सेस (उपकर) धरून ३६,४००. बँकेनं पगारातून कापलेल्या टीडीएसमध्ये हा फरक नाही, म्हणजे वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. माझं उत्पन्न शेती धरूनही १२ लाखांच्या आत, त्यामुळे मला शून्यच येतो, फॉर्म तेवढा बदलायचा.
तेव्हा माझा आयटीआर-२ मी भरणार. भावाचा सीएकडे. पण मागच्या वर्षांची विवरणपत्रं, कारखान्याची बिलं, ऊसतोड, वाहतूक आणि खताच्या पावत्या मी स्वतः लावून नेणार आणि मागच्या वर्षांचं काय करायचं तेही विचारणार. कागवाडकर, बेळगावात पहाणी वाचणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर सांगा. ३१ जुलैच्या आत सगळं उरकायचंय.

कागवाडचा शेतकरी
आहेत की. उद्या व्यक्तिगत निरोप टाकतो. जाताना बंधूंना सोबत न्या, प्रश्न त्यांना विचारतील.