मदत हवी आहे: डिटेक्टिव्हच्या नजरेतून शॉट घेताना आरशात कॅमेरा दिसतो

'लेडी इन द लेक' (1947) मध्ये दिग्दर्शक आणि नायक रॉबर्ट माँटगोमेरीने जवळजवळ सगळा चित्रपट डिटेक्टिव्हच्या डोळ्यांतून दाखवलाय. नायक दिसतो तो आरशात, नाहीतर मधूनमधून थेट प्रेक्षकांशी बोलताना. त्याच पद्धतीने चार मिनिटांचा कृष्णधवल प्रसंग करायचा आहे. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, लेन्स 18-55 मिमी झूम. अडचणी दोन:
आरसा 45 सेंमी रुंद आहे, समोर उभं राहिलं की कॅमेरा दिसतोच.
सिगारेट पेटवणारे हात दुसऱ्याच कुणाचे वाटतात.
व्हीएफएक्स (संगणकावरची करामत) नको. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद 1
आरसा भिंतीला समांतर ठेवू नका. डावी कड भिंतीपासून साधारण 12 सेंमी पुढे काढा, म्हणजे आरसा 15 अंश वळेल. कॅमेरा समोर 1 मीटरवर. नट कॅमेऱ्याच्याच रेषेत, पण उजवीकडे 60 सेंमीवर. त्याला आरशात लेन्स दिसली पाहिजे आणि त्याने नेमकं तिच्यातच बघायचं. नजर बोटभर सरकली तरी 'मी मलाच पाहतोय' हा भास संपला.

फोकस इथे हमखास चुकतो. आरशाच्या काचेवर नाही, कॅमेरा ते आरसा अधिक आरसा ते नट एवढ्या अंतरावर लावायचा, म्हणजे सुमारे 2.15 मीटर. ऑटोफोकस बंदच ठेवा, तो आरशाची चौकट पकडतो. पुढे आलेल्या कडेवर उजेड पडू देऊ नका, म्हणजे तिरकेपणा कळत नाही.

काच काढून रिकाम्या चौकटीपलीकडे नट उभा करायचाही मार्ग आहे. पण मग भांग, शर्टाची बटणं, खिसा, मागचं घड्याळ सगळं उलटं करावं लागतं. एका शॉटसाठी तो खटाटोप नको.

प्रतिसाद 2
हातांबद्दल. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असला की छातीजवळचे हात चौकटीत येत नाहीत, मग नट ते उचलून लेन्ससमोर धरतो आणि बाहुलीचे हात दिसतात. कॅमेरा 10-15 सेंमी खाली, गळ्याच्या उंचीवर घ्या. लेन्स 18 मिमीवर, म्हणजे सगळ्यात रुंद. नट कॅमेरामनच्या पाठीला चिकटून उभा, हात त्याच्या काखेखालून पुढे. हात खालच्या कोपऱ्यातूनच आत यावेत, मधल्या उंचीवरून कधीच नाही. काडी लेन्सपासून 30 सेंमीच्या आत आणू नका, पंजा राक्षसी दिसतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) f/5.6 ते f/8.

धागाकर्ता
आरशाचं गणित जमलं, मनापासून आभार! आता नवीन अडचण: नायिका बोलत बोलत जवळ येते तेव्हा कॅमेऱ्याची सावली तिच्या गालावर पडते. सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवून मऊ करणारी पेटी) लावला तर सावली जाते, पण मागच्या भिंतीवर पडणाऱ्या व्हेनेशियन ब्लाइंडच्या (आडव्या पट्ट्यांच्या पडद्याच्या) सावलीच्या पट्ट्याही पुसल्या जातात.

प्रतिसाद 1
सॉफ्टबॉक्स काढाच. त्या पट्ट्यांना लहान, उघडा दिवा लागतो, तोही ब्लाइंडपासून शक्य तितका लांब. ब्लाइंड भिंतीजवळ आणला की कडा धारदार होतात. चेहऱ्यासाठी वेगळा दिवा घ्या: कॅमेऱ्याच्या मागून नाही, बाजूने आणि 50-60 अंश वरून. सावली मग चेहऱ्यावर न येता खाली जमिनीवर जाते. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील, त्या पडू द्या. हवी तर लेन्सच्या अगदी वर एक मंद, छोटी लाइट लावा, बुबुळात ठिपका येण्यापुरती.

प्रतिसाद 3
एक आग्रहाची सूचना. चारही मिनिटं नजरेतून घेऊ नका. 'लेडी इन द लेक' इथेच थकवतो: माणसाची नजर चटचट उड्या मारते, कॅमेरा संथ वळत राहतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कधी मिळतच नाही. त्याच वर्षीच्या 'डार्क पॅसेज'मध्ये दिग्दर्शक डेल्मर डेव्ह्जने हीच युक्ती कितीतरी समंजसपणे वापरली. नायकाचा चेहरा शस्त्रक्रियेने बदलणार आहे, म्हणून बँडेज निघेपर्यंत नायक झालेल्या हम्फ्री बोगार्टचा चेहरा लपवायला सबळ कारण आहे. तरीही टॅक्सीत तो बाहेरून, अंधारात बसलेला दिसतो. तेवढ्याने प्रेक्षकाला दम खायला मिळतो.

तुमच्याकडे आरसा हेच कारण आहे. नायिका बोलते तो भाग बाहेरून घ्या, नजरेतून फक्त आरशाकडे जाणं आणि सिगारेट. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद, म्हणजे आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या दिव्यांखाली लुकलुक होत नाही. पॅन (कॅमेरा आडवा वळवणं) एकतर सावकाश, वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला 7 सेकंद, नाहीतर झटक्यात. मधल्या वेगात चित्र थरथरतं. झटक्याचा पॅन काळ्या भिंतीवरून गेला तर कट तिथेच लपवता येतो.