हरितलवके पळवणारी गोगलगाय आणि बुरशी पिकवणारा भुंगेरा

प्रश्न
उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एलिसिया क्लोरोटिका ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय शैवालातील हरितलवके, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न बनवणारे पेशींतील हिरवे घटक, स्वतःच्या शरीरात साठवते. सोलापूरकडील डाळिंबाच्या सालीतून खोडात शिरणारा, शेतकऱ्यांना पिन होल बोरर म्हणून परिचित असलेला दोन-अडीच मिलिमीटरचा भुंगेरा बुरशीवर जगतो. दोघांचाही चरितार्थ परक्या जिवावर चालतो. मग दोन्हींना एकाच प्रकारचे सहजीवन म्हणावे का?

पहिले उत्तर
म्हणू नये, असे माझे मत आहे. एलिसिया व्हाउचेरिया लिटोरिया या शैवालाला छिद्र पाडून आतील द्रव्य शोषते आणि बाकी सारे पचवून केवळ हरितलवके पचनग्रंथीच्या पेशींत शाबूत ठेवते, जिथे ती नऊ-दहा महिनेही टिकू शकतात. मात्र अंड्यांतून ती पुढच्या पिढीकडे जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक पिलाला हा उद्योग नव्याने करावा लागतो, आणि शैवालाच्या पदरात काहीच पडत नाही. भुंगेऱ्याची मादी बुरशीचे बीजाणू शरीरातील खास कप्प्यांत घेऊन नव्या झाडात शिरते, बोगद्याच्या भिंतींवर बुरशी वाढवते, आणि अळ्या लाकडाऐवजी ती बुरशी खातात. पुढे तिच्या मुली तेच बियाणे घेऊन बाहेर पडतात, म्हणजे बुरशीचाही प्रसार होतो. याला शेतीच म्हणावे लागेल, जरी ज्याची बाग सुकते त्या बागायतदाराला ही शेती कौतुकाची वाटणार नाही.

दुसरे उत्तर
वरील विवेचनात जनुकांचा मुद्दा जोडावासा वाटतो. हरितलवके इतकी टिकतात, त्या अर्थी शैवालाचे जनुकही गोगलगायीने उचलले असावे, असा दावा २००८ मध्ये झाला होता. परंतु २०१३ मध्ये तिच्या अंड्यांतील डीएनए तपासला असता त्याला पुरावा मिळाला नाही. गंमत अशी, की या भुंगेऱ्याच्याच उपकुळातील कॉफीच्या फळात शिरणाऱ्या बोररकडे जिवाणूकडून आलेले, फळातील जटिल कर्बोदके पचवण्यास उपयोगी पडणारे जनुक असल्याचे २०१२ मध्ये दाखवण्यात आले.

तिसरे उत्तर
गोगलगाय केवळ उन्हावर जगते, हेही गृहीत धरू नये. एलिसिया टिमिडा ही तिची भाऊबंद अंधारात, उपाशी ठेवूनही अनेक आठवडे जगल्याचे प्रयोगात दिसले आहे. त्यामुळे काही संशोधक हरितलवकांकडे गरज पडेल तसा पचवायचा साठा म्हणूनही पाहतात.