मदत हवी आहे : मॉडेल विमानांचा क्लब रीतसर नोंदवावा का?

मंडळी, आम्ही बडोद्याचे सातआठ जण दर रविवारी डभोई रस्त्याकडच्या एका शेतात मॉडेल विमानं उडवतो. क्लब म्हणजे आजवर थर्मासमधला चहा आणि मोडलेला बाल्साच्या हलक्या लाकडाचा पंख चिकटवत बसणं, एवढंच. आता शेतमालक काका म्हणतात, "पोलीस आले तर?" ड्रोन नियम 2021 मोबाइलवर दाखवले, 25 किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात हौसेने उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या ड्रोनला मिळणारं सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र) लागत नाही. पण 'ड्रोन' शब्द ऐकला की काका हात जोडतात! (विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यातली 200 फुटांची मर्यादा आम्ही पाळतो.)

कुणी असा क्लब संस्था म्हणून नोंदवलाय का? ट्रस्ट सोपा की सोसायटी? पोलीस ठाण्यात अर्ज कसा लिहिलात? नमुना असेल तर पाठवा.