उत्खननावरच्या खूनकथा: खून खरा, पांढर (जुन्या वस्तीची जागा) खोटी?

खापरतुकडा:
काल एका प्रतिसादात वाचलं, "उत्खननाच्या जागी घडणाऱ्या खूनकथा म्हणजे निव्वळ भंपकपणा. जुन्या हाडांचा ताज्या मुडद्याशी संबंध ओढूनताणून लावायचा, पुरातत्त्व फक्त नेपथ्याला." उत्तर लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

भंपक कथा ढिगाने आहेत, मान्य. शाप, सोन्याची मूर्ती, विक्षिप्त प्रोफेसर. पण रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीबाईंना त्या रांगेत बसवू नका. 1930 साली इराकमधल्या उर या प्राचीन नगराच्या उत्खननावर पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटला, त्याच वर्षी लग्न, आणि पुढे कित्येक हंगाम बाई नवऱ्याबरोबर इराक-सीरियात. इराकमधल्याच निमरूदच्या उत्खननातल्या हस्तिदंती वस्तू तिने स्वतःच्या तोंडाला लावायच्या क्रीमने साफ केल्या. 'मर्डर इन मेसोपोटेमिया'त (1936) हत्यार काय आहे? जातं! उत्खननात निघालेलं, पडून राहिलेलं, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही असं. घरबसल्या सुचतं का हे?

शिवाय जागेवरून हलला की पुरावा मेला, हे पोलिसांना लागू तसंच पुरातत्त्ववाल्यांना. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचे 1974 चे ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा, रेडा घ्या. गावकऱ्यांना झाडाचं मूळ खणताना मिळाले. वस्तू मातीच्या कुठल्या थरात होती त्यावरून काळ ठरतो; हे थरातून रीतसर निघाले नाहीत, म्हणून त्यांच्या काळावरून तज्ज्ञांची जुंपली.

उलटतपासणी:
तो प्रतिसाद माझाच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. जात्याचं कौतुक करताय, मग हेही सांगा की त्याच पुस्तकात खून होणाऱ्या बाईला आपला दुसरा नवरा हाच पहिला नवरा आहे हे कळत नाही. एका छपराखाली राहून! थर ओळखणाऱ्यांच्या घरात नवरा ओळखू येत नाही.

रातकिडा:
अहो!! शेवट फोडलात. पुस्तक उशाशी आहे, अर्धं झालंय.

उलटतपासणी:
नव्वद वर्षांचं पुस्तक आहे. कीचकाला भीमाने मारलं हेही सांगायचं नाही का आता?

गढीवरचा:
"गावकऱ्यांना मूळ खणताना मिळाले" हे वाक्य खटकलं. म्हणजे गावकऱ्यांनी वाट लावली असंच ना? आमच्या गावाला पांढरीचं टेकाड आहे. आजोबांच्या वेळेपासून लोक ती माती गाड्या भरभरून शेतात टाकतात, खत म्हणून. खापरं बांधावर फेकतात. तेव्हा एकही तज्ज्ञ फिरकला नाही. चुलत्याला नांगरताना तांब्याच्या नाण्यांचं मडकं लागलं, इमानदारीने कळवलं. पुढे काय? जबाब, पंचनामा, हेलपाटे, वर "बाकीची कुठे लपवलीस" हा प्रश्न. आता गावात कुणाला काही सापडलं तर गुपचूप पुन्हा पुरतात.

खापरतुकडा:
कुणाला दोष दिला नव्हता. पण कायदा 1878 चा आहे, दहा रुपयांवरचं पुरलेलं धन कलेक्टरला कळवावंच लागतं. सरकारने ठेवून घेतलं तर किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा, अशी तरतूद आहे.

गढीवरचा:
तरतूद! चुलत्याला ऐकवतो. पंख्याखाली बसून कलमं वाचणं सोपं असतं साहेब. त्या हेलपाट्यांत पेरणी गेली त्याची.

नदीकाठ:
दोघेही जरा पाणी प्या. गढीवरच्यांनी नकळत कादंबरीच देऊन टाकलीय. आपल्याकडे जमिनीखालच्या वस्तूंपायी खून होतात ते शापाने नव्हे, गुप्तधनाच्या हावेने. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाने केलेली अघोरी कृत्यं मुद्दाम घातलीत, ती काय हौस म्हणून?

आणि हाडंच हवीत तर पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव आहे. ताम्रपाषाण काळात (तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरायचे तेव्हा) तिथे मोठ्यांना घोट्याखालचे पाय तोडून पुरत. लहान मुलं दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली. आता कल्पना करा, चरात एक सांगाडा निघाला, पाय नाहीत, सगळ्यांनी जुना म्हणून नोंदवला आणि दाताला सिमेंटचं फिलिंग.

उलटतपासणी:
फिलिंग दिसायला डिटेक्टिव्ह कशाला, माझा डेंटिस्टही सांगेल. असे योगायोग कादंबरीतच होतात.

नदीकाठ:
असं? 1983, इंग्लंड, चेशायर. लिंडो मॉसच्या दलदलीत पीट (कुजलेल्या वनस्पतींचा गाळ) काढणाऱ्यांना कवटी मिळाली. जवळच पूर्वी राहणाऱ्या एकाची बायको वीसेक वर्षांपासून बेपत्ता. पोलीस गेले, गड्याने कबुली दिली, मीच मारलं आणि तिथेच टाकलं. मग कवटीचं वय ठरवणारी कार्बन चाचणी झाली. कवटी रोमन काळातली! बायको सापडलीच नाही, पण कबुलीवर जन्मठेप झाली. हे एखाद्या लेखकाने लिहिलं असतं तर तुम्हीच पहिले "ओढूनताणून" म्हणाला असता.

उलटतपासणी:
म्हणालो असतो. अजूनही म्हणतो. बरं, एक खून तुमच्या नावे जमा. उरलेल्या भंपक पुस्तकांचं काय?

गढीवरचा:
ती कवटी ज्या मजुरांना मिळाली, त्यांना कुणी हेलपाटे घालायला लावले का, तेवढं सांगा.

रातकिडा:
आणि अगाथाबाईंच्या पुस्तकातला तो पाद्री? त्याचाही काही घोळ आहे का? नको, सांगू नका.

उलटतपासणी:
आहे.